मोटारीतली खालची जागा

मोतीलाल पाटलांची काळी मोटार ही तापीकाठच्या त्या गावातली पहिली मोटार. धुळ्याच्या एका वकिलाने वापरून वापरून टाकलेली, पण पाटील ती अशा थाटात दाखवत की विलायतेहून निघालेली बोट थेट त्यांच्याच दारात लागली असावी. ते द्वैभाषिक राज्याचे दिवस होते. कापूस बरा पिकत होता, आणि गुजर पाटलाच्या दारी बैलजोडीशेजारी मोटार उभी राहिली म्हणजे नुसती चैन नव्हती, ते नाक वर करून चालायचं कारण होतं. मोटार चालवायला दगा होता. दगा आधी छकडा हाकायचा. त्यामुळे गाडी अडली की तो आधी तिला शिव्या देई, मग तिच्या पाठीवर थाप मारी. बहुतेक वेळा तेवढ्याने भागत असे.

त्या दिवशी भागलं नाही.

सकाळीच तळोद्याकडून माणूस आला. पाटलांच्या धाकट्या भावाची बायको मीनाबाई, तिच्या आईने अंथरूण धरलं होतं आणि आता काही खरं नव्हतं. म्हातारी सारखी लेकीचं नाव घेत होती. भाऊ जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मीनाबाई त्या घरात मान खाली घालून राबत आली, आणि तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं पाटलांना आठवत नव्हतं. आजही तिने मागितलं नाही. पाटलांनीच बायकोला हाक मारली.

"तापीबाई, तिले सांग, मोटारमा जाऊत. दुपारना पहिले मायना घर पोचाडी देतस."

तशी मीनाबाई दाराआड हाताच्या अंतरावर उभी होती. पण जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं, आणि तिने तर त्याच्यासमोर ब्रही काढायचा नसतो. घरातलं सगळं बोलणं तापीबाईमार्फत, म्हणजे मीनाबाईच्या जिजीमार्फत, जाई आणि येई. जेठ बसला असेल तिथे तिने बरोबरीने वर बसायचं नाही, हीही रीतच. म्हणून पाटील पुढे दगाशेजारी बसले, तापीबाई मागच्या सीटवर ऐसपैस बसली, आणि आजवर मोटारीत कधी न चढलेली मीनाबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून सीटखाली, पाय ठेवायच्या जागेत फळीवर बसली. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

दगाने बटण दाबलं. गाडी ढिम्म. हॉर्न नाही, दिवा नाही, हूं नाही की चूं नाही.

"बॅटरी उतरनी व्हई," दगा ठणकावून म्हणाला. तो ठणकावून बोलला म्हणजे त्याला काही ठाऊक नाही, हे पाटलांना एव्हाना कळायला लागलं होतं. सगळे खाली उतरले. दगाने पुढचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा बटण दाबलं. गाडी अशी गरजली की अंगणातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. सगळे हसत परत चढले. मीनाबाई खाली टेकली मात्र, इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद.

मग दगाने हँडल मारलं. त्याच्या दंडात गोळे आले, पण गाडीला पाझर फुटेना. गल्लीतली माणसं धावली, त्यांनी धक्का मारत मोटार पार मारुतीच्या पारापर्यंत नेली. काही नाही. वजन कमी व्हावं म्हणून मीनाबाई आपणहून उतरली, आणि दगाने सहज बटण दाबलं तर गाडी सुरू! माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

तापीबाईने मागच्या सीटवरून मान पुढे काढली. "देखं ना तुमी? मी कवयनी देखी ऱ्हायनू. तिना पायच तश्या शेतस."

"कायबी बोलू नको," पाटील खेकसले. पण खेकसण्यात जोर नव्हता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे त्यांना ठाऊक होतं. पण हा कावळा जितक्यांदा बसला तितक्यांदा फांदी मोडली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मोडताना पाहिली होती. मोटार म्हणजे लोखंड, पत्रा आणि पेट्रोल. विधवा कोण आणि सवाष्ण कोण हे तिला सांगितलं कुणी? बैल माणूस ओळखतो, कुत्रा ओळखतो. पण यंत्र? देवाधर्माच्या गोष्टी मानाव्यात तर मोटार खोटी, मोटार मानावी तर समोर घडलेलं खोटं. बायको म्हणते ते मान्य करायला मन धजेना, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना.

"तिले सांग..." ते म्हणाले आणि पुढे काय सांगायचं तेच त्यांना सुचेना.

सांगावं लागलंही नाही. मीनाबाईने मोटारीतून आपलं गाठोडं काढून घेतलं आणि ती शहाद्याच्या वाटेला लागली. तिथल्या स्टँडवर तळोद्याची एसटी मिळेल तेव्हा मिळेल. ती चालताना मागे वळली नाही. निर्णय आपल्याला घ्यावा लागला नाही याचं पाटलांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली.

मोटार मात्र उभ्या जागी खुशाल गुरगुरत होती. तिच्या त्या गुरगुरण्याचाच पाटलांना संताप आला.

"बंद कर रे!" ते ओरडले. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मागचं दार उघडलं, तापीबाईला उतरवलं, धोतर सावरलं आणि मीनाबाई बसली होती तिथे, खाली फळीवर फतकल मारून बसले. गुडघे हनुवटीला लागले. गावच्या पाटलाला तसं पाहून पारावर खसखस पिकली.

"दाब."

दगाने दाबलं. गाडी ढिम्म.

पाटील उठून सीटच्या कडेला टेकले. "दाब." गाडी गरजली. पुन्हा खाली बसले. उचकी, आणि बंद.

"काय मांडं शे यो?" तापीबाई म्हणाली.

"मन्हा पाय देख," पाटील आतून म्हणाले. "कोणता रंगना शेतस?"

फळी उचलली तर खाली बॅटरी. धुळ्याच्या वकिलाच्या काळापासून ती तिथेच होती, फक्त तिची चौकशी कुणी केली नव्हती. जाड तारेचा पट्टा खुंटावर सैल झाला होता. फळीच्या त्या कोपऱ्यावर बूड टेकलं की तार दबे, पट्टा उचलला जाई आणि सगळी वीज तुटे. उठलं की पट्टा परत जागेवर. सीटवर बसणाऱ्यांचे नुसते पाय त्या फळीला लागत, त्याने काही बिघडत नसे. दगाने पकडीने पट्टा आवळला.

पाटील आधी मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले. फळी सैल होती, तार सैल होती, कबूल. पण त्या फळीवर बसायची वेळ अख्ख्या घरात एकाच बाईवर येणार होती, आणि तिला तिथे आपण बसवलं होतं. आपली रीत, आपला मान, आणि बोल तिच्या पायांना. त्यांना स्वतःचाच राग आला.

"चाल," ते दगाला म्हणाले. तापीबाई पारावरूनच घरी परतली.

मीनाबाई त्यांना वाटेत बऱ्याच पुढे सापडली. मोटारीचा आवाज ऐकून ती बांधाला सरकली आणि पाठ करून उभी राहिली. पाटलांनी सवयीने दगाकडे पाहिलं, "तिले सांग" म्हणायला तोंडही उघडलं, आणि मिटलं. ते खाली उतरले.

"माय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते आणि आवाज भलताच मोठा निघाला. "मोटार चालू व्हई गयी. वर बस. सीटवर."

ती हलली नाही. त्यांनी मागचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने ती आली आणि सीटच्या अगदी कडेला बसली.

तळोद्याच्या अलीकडच्या त्या गावात पोचायला दुपार उलटली. दारातल्या बायकांनी मीनाबाईला वाट करून दिली. म्हातारी जिवंत होती, पण डोळे वर लागले होते.

"सकाळभर मीना, मीना करी ऱ्हायनी व्हती," एक बाई म्हणाली. "आत्तेच वाचा गयी."

पाटील ओट्यावर बसून राहिले. काही वेळाने मीनाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. आई आत तशी पडलेली असताना तिला जेठाच्या पाण्याची आठवण होती! पाटलांना ते सोसेना.

"फळीखालनी तार ढिली व्हती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुन्हा काय दोष नही व्हता."

"माले माहीत शे," पदराआडून आवाज आला. तो आवाज त्यांनी कधी नीट ऐकलाच नव्हता. "मी बसनू का खाले कट् वाजे. तार हालेल लागे."

"मंग सांगं काबरं नही?"

"जिजीले सांगं. जिजी म्हने, चूप बस, तुले मोटारमा काय समजस." तिने तांब्या ओट्यावर ठेवला. "आनि तुमले कसं सांगतू?"