आईची खुर्ची भिंतीकडे

मनात वाचन.

भिंगरीच्या डोक्यावर जाळीची टोपी चढली. टोपीला वायरीच वायरी. मशीनवाल्या ताईंनी केसांत गार जेल सोडलं तशी ती खुदकन हसली.

"आई, मी फ्लॉवरचा गड्डा दिसतेय ना?"

आईला कुठलं हसू फुटायला! वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की पोरीची दातखीळ बसायची. शाळेने सांगून टाकलं होतं: हिला अक्षरंच ओळखता येत नाहीत असं तपासणीत निघालं, तर वेगळ्या शाळेत घाला.

पडद्यावर अक्षर. ओठ न हलवता वाचायचं.

म.

ढ.

दुसऱ्या पडद्यावर मेंदूच्या रेषा डुलत होत्या. आईला त्यातलं ओ की ठो कळेना, म्हणून ती ताईंचा चेहरा निरखत बसली.

"छान चाललंय," ताई म्हणाल्या.

मोठ्याने वाचन.

म.

भिंगरीने गर्रकन मान वळवून आईकडे पाहिलं.

"प?"

आईच्या कपाळाला आठी.

"नाही नाही... न?"

आठ्या दोन. रेषांचा नुसता गुंता.

"बाळा, मान नको हलवू. आणि तुम्ही, काय खुणा करताय?" ताईंनी आईला हटकलं.

"मी? मी तर ब्रसुद्धा काढला नाही!"

"खुर्ची भिंतीकडे वळवता का जरा?"

भिंत.

एक खिळा. खिळ्याला काही नाही.

घरी आई अक्षरांचे पत्ते धरायची आणि पोरगी टक लावून तिच्याच तोंडाकडे बघायची. किती लक्ष देते गं बाई, असं आईला कौतुक. आता खिळ्याकडे बघता बघता तिने ते पत्ते एकेक करून आठवले. लक्ष पत्त्यावर होतंच कधी?

मागे सामसूम.

बोल गं. बोल ना माझी बाई.

"म."

आवाज एवढासा.

"ढ."

आईने पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली.

"ब. अं... थांबा हं ताई. व. व आहे तो."

बरोबर? चूक? आईला राहवेना. ती अर्धी वळली.

"आई, नको ना बघूस! मी वाचतेय."

आई पुन्हा खिळ्याकडे वळली. भुवया वर जायला लागल्या, तशा तिने त्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या.