शाईनं सोडवलेलं कोडं

आमचे हे शब्दकोडं शाईनं सोडवतात. पेन्सिल म्हणे कच्च्या लोकांसाठी! इथं कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या समस्त मराठी मंडळींना हे एव्हाना पाठ झालंय.

पुण्याचं साप्ताहिक टपालानं शनिवारी सकाळी येतं. हे तेव्हा कारखान्यात. मी शेगडीवर भात ठेवते, पेन्सिलीनं कोडं सोडवते आणि खोडरबरानं पुसून अंक होता तसा घडी घालून ठेवते. का, तर यांना कोडं कोरं लागतं. बायकोचा हात आधी लागलेला खपत नाही. रविवारी न्हाणं झालं की हे खिडकीपाशी बसतात आणि बघता बघता कोडं खलास! मला आपलं वाटायचं, काय बाई डोकं आहे माणसाला!

मागच्या आठवड्यात माझं एका नदीचं नाव चुकलं. यांचंही तेच चुकलं, अगदी तस्संच. मी अंक उजेडात तिरका धरून पाहिला. शाईखाली माझ्या पेन्सिलीचे वळ चांगले उमटले होते. अस्सं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी गप्प बसले असते. पण मराठी मंडळाच्या कोडे-स्पर्धेला आमच्या भागातून एकच जण जायचा होता. मला जायचं होतं, फार जायचं होतं. तसं म्हटलं, तर हे खो खो हसले. "तू? अगं, तिथं भाजी निवडायची नसते!" आणि नाव पक्कं करायला मंडळाचे चिटणीस शेषगिरीअण्णा रविवारी आमच्याकडेच येणार होते.

मग या शनिवारी मी चौकोनांत दाबून दाबून चुकीचं लिहिलं. लक्ष्मणाच्या बायकोच्या जागी मांडवी, अर्जुनाच्या शंखाच्या जागी पांचजन्य. त्यांना छेदणारे शब्दही बिघडवले आणि सगळं छान पुसून टाकलं.

रविवारी अण्णा आले. यांनी त्यांच्यादेखत ऐटीत पेन उघडलं, अंक खिडकीकडे जरा कलता केला आणि धडाधड चौकोन भरले. "घ्या!"

अण्णांनी चष्मा लावला. "पद्माकरराव, लक्ष्मणाची बायको मांडवी?"

"म्हणजे काय! मांडवीच."

"अहो, ती भरताची. आणि अर्जुनानं कृष्णाचा शंख कधी पळवला?"

हे कोड्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी तोंडाला पदर लावून छताकडे बघत होते. हसू काही केल्या आवरेना. ते दिसलं मात्र, यांचा पारा चढला.

"हिनं! हिनं मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलंय! एरवी हिचं सगळं बरोबर असतं!"

बोलून गेले आणि मग जीभ चावली.

अण्णांनी सावकाश चष्मा उतरवला. "सरी, ठीक आहे. मग अहल्याक्का, नाव तुमचंच लिहितो."

मी चहा टाकायला म्हणून उठले.

"तुम्ही बसा अक्का," अण्णा म्हणाले, "चहा पद्माकरराव टाकतील."