ततपप

हे लिवणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा खोडलं. ग्रुपवर त्यो शब्द टाकायला दोन सेकंद लागले हुते, हे लिवायला तीन आठवडे गेले.

जयराज माझा शाळेपासनंचा दोस्त. आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात, मी आता साताऱ्याला एमआयडीसीत कामाला. जयराज बोलताना अडखळतो. शाळेत हजेरीला त्यो नुसता हात वर करायचा. त्याची वाक्यं मीच पुरी करायचो. मला वाटायचं, मदत करतोय.

पण मोबाईलवर लिवायला लागला की सरळ. गावच्या ग्रुपवर दोनशे माणसं, त्यात सगळ्यात मुद्द्याचं त्योच लिवायचा.

वाद झाला गायरानावरनं. तिथं पोरंपोरी पोलीस भरतीची तयारी करत्यात, जयराजची बहीण ओवी पण तिथंच पळायची. त्या जागेवर सोलर बसवायचा ठराव येणार हुता. मी सोलरच्या बाजूनं. जयराजनं लिवलं, "वढ्याकडंला पडीक रान हाय की रं. गट नंबर देतो. मग हीच जागा कशापायी?"

मी गट नंबर मागितलाच न्हाई. सगळे बघत हुते. मी लिवलं, "हितं लय बोलतोस गड्या. ग्रामसभेत उभा राहा की. ततपप सुरू हुईल."

हसायचे इमोजी पडले, पडतच राहिले. ग्रुपमधल्या शिवतेजनं तर "त त त" करून व्हॉइस नोट टाकली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

जयराजनं एवढंच लिवलं, "येतो ग्रामसभेला."

एक मेच्या ग्रामसभेत त्यो उभा राहिला. मी नव्हतो, ग्रुपवर व्हिडिओ आला. हातात कागद. पहिल्याच शब्दाला अडकला. मागनं कोणतरी वराडलं, "ततपप!" सगळी सभा हसली. सरपंच म्हणले, "बसा बसा, समजलं."

काय समजलं? त्याचं एकबी वाक्य झालं नव्हतं.

त्यो बसला. ठराव मंजूर. त्याच दुपारी जयराज ग्रुपमधनं बाहेर पडला. ओवी आता डांबरीवर पळती, ट्रकांच्या कडंकडंनं.

मी सुट्टी काढून गेलो. जयराज दारातच बसलेला.

"चुकलं गड्या," मी म्हणलं.

त्यो बोलायला लागला. कसा बोलला ते अक्षरं तोडून लिवणार न्हाई, तसलं लय झालं. "मला" म्हणला आन् थांबला.

मी सवयीनं म्हणलं, "राग आलाय, म्हाईत हाय."

त्यानं हात वर केला. हजेरीला करायचा तसाच. मी गप्प झालो.

"मला एक वाक्य पुरं करायचं हुतं," त्यो म्हणला. मग थोड्या वेळानं, "लिवताना मी अडखळत नव्हतो. तेवढी एकच जागा हुती. तिथंबी तू ते आणलंस."

आत चुलीपाशी त्याची आई भाकरी थापायची थांबली हुती.

पंधरा ऑगस्टला परत ग्रामसभा हाय. उठताना मी म्हणलं, "जयराज, तू आलास तर तुझं बोलून हुईस्तोवर मी तोंड उघडणार न्हाई. आन् न्हाई आलास तरी मी सगळ्यांपुढं उभा राहून सांगीन, त्यो शब्द माझा हुता."