चौथा टाका

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे. दचकू नका, खरी नव्हे, रबराची. डॉक्टर होऊ घातलेली मुलं माणसाला हात लावण्याआधी मला कापतात आणि मग शिवतात. माझा जन्मच मुळी मार खाण्यासाठी झाला.

कारखान्यात मला तीन थरांत ओतलं. वर गव्हाळ कातडं, मध्ये पिवळी चरबी, तळाशी लाल मांस. दिसायला मी देखणी होते. पण सराव-खोलीत आले त्या पहिल्याच दिवशी तेराजणांनी मला फाडलं. एकाने सुरी करवतीसारखी चालवली. एकाने चिमट्याने माझ्या कडा चिरडल्या. एकीने गाठ सुटते म्हणून रागाने मला अकरा वेळा भोसकलं. मोडलेल्या सुईचं टोक आजही माझ्या पोटात आहे.

संध्याकाळी मावशी मला धुवायच्या. खोलीची सगळी निगा त्यांच्याकडे. धागे उपटायच्या, पावडर लावायच्या आणि म्हणायच्या, "काय गं, आज कोणी सोलली तुला?" तेवढ्या दोन शब्दांवर मी दुसऱ्या दिवशीच्या सुऱ्या सोसायची.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलाला सगळे 'मशीन' म्हणत. हात विजेसारखा आणि गाठ अशी करकचून, की माझं रबर पांढरं पडे. त्याला सर्जन व्हायचं होतं आणि त्यासाठी ही टाक्यांची परीक्षा पास होणं भाग होतं. तीन मिनिटांत चार टाके, वीस मार्क. त्यातले दोन रुग्णाशी बोलण्याचे.

"रबराशी काय बोलायचं?" तो हसायचा. "त्या दोन मार्कांवर मी पाणी सोडलंय."

मला एका लाकडी हातावर बांधून ही परीक्षा होई. आदल्या दिवशी सरावात मशीनने पट्टा एवढा आवळला की तो हात मनगटात मोडला.

"परीक्षा पुढे ढकलावी लागणार," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या परीक्षक, स्वतः सर्जन.

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "माझ्या हाताला बांधा. हातामागे माणूस असतो, हे तरी कळेल पोरांना."

बाईंनी थोडा विचार केला. "बरं. पण त्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"घरी तीस वर्षं तेच करतेय की."

सुई मावशींना लागू नये म्हणून माझ्याखाली प्लास्टिकची पट्टी सरकवली. ती माझ्यापेक्षा दोन बोटं आखूड होती. आणि नेमकी तिथेच मी आरपार फाटलेली होते, हे फक्त मला ठाऊक होतं. पण सांगणार कशी? माझ्या अंगावर जखमांची शंभर तोंडं, जीभ एकालाही नाही.

मशीन बसला. एक, दोन, तीन टाके सपासप पडले. चौथ्याला वाकडी सुई माझ्यातून खाली उतरली, मावशींच्या मांसात शिरली आणि वळून वर आली. माझ्या चिरेतून रक्त आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला रक्त आलं, तेही दुसऱ्याचं.

"आज रंगही भरलाय वाटतं. झकास," मशीन म्हणाला आणि त्याने गाठ आवळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मावशींची नखं टेबलाच्या कडेत रुतली होती.

"झालं. दोन मिनिटं दहा सेकंद."

बाईंनी मला उचललं. मी सुटेना. माझ्याबरोबर मावशींचं कातडं वर ओढलं गेलं.

"हळू, बाई," मावशी म्हणाल्या. "पक्कं शिवलंय त्याने."

मशीनचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"अहो, ओरडला का नाहीत?" बाईंचा आवाज चिरकला.

"ओरडले असते तर याने दचकून सुई आडवी ओढली असती. आणि विचारलं कुठे त्याने?"

बाईंनी मशीनच्या हातात कात्री दिली. "सोडव तूच."

त्याने कात्री दोनदा टेकवली, दोनदा मागे घेतली. मग विचारलं, "मावशी, दुखतंय का?"

"दुखतंय रे. काप आता."

बाईंनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "पट्टी मी तपासायला हवी होती," त्या मावशींना म्हणाल्या. त्या दिवसापासून जिवंत हाताला मला कधी बांधलं नाही. मशीनच्या कागदावर मात्र त्यांनी शून्य लिहिलं. त्याचं वर्ष गेलं.

ते वर्षभर तो रोज आला. गाठ बांधायची, पांढरं पडलं की सोडायची, पुन्हा बांधायची. पुढच्या परीक्षेला मी जोडलेल्या लाकडी हातावर होते. मशीनने सुई उचलण्याआधी माझ्यावर तळवा ठेवला.

"आता टोचणार आहे. दुखलं तर सांगा."

मागची पोरं फिदीफिदी हसली. दारात मावशी उभ्या होत्या. मनगटाच्या वर तांदळाएवढा वण.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "तिची काही तक्रार नाही."

त्याला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागली. चारही टाके सैलसर, नीट. तो पास झाला.

मित्रांनो, आता माझे थर सुटलेत. लवकरच मला टाकून देतील. मला कापल्याचा राग नाही, तो माझा धंदाच. पण माझ्यावर हात चालवून चालवून एक खोटी गोष्ट मुलांच्या बोटांत मुरते, की जे ओरडत नाही त्याला दुखत नाही. तुमच्या हातात सुई असो, कात्री असो की नुसती एखाद्याची वेणी, आधी विचारत जा. मार्क दोनच असले तरी.