कोपऱ्यावरचे चार सेकंद

फोन कंपनीत तिला सगळे रेंजताई म्हणत. वय एकेचाळीस, लग्न नाही, आणि काम रस्त्यावरचं. पाठीवरच्या पिशवीत चार फोन घालून चालत सुटायचं आणि एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना कॉल नीट टिकतो का ते तपासायचं. ते कॉल एका यंत्राला लागायचे. यंत्र पलीकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं. दिवसाला दोनशे कॉल व्हायचे, पण संध्याकाळी खोलीवर आल्यावर दूधवाल्याशी बोलताना तिला आधी घसा खाकरावा लागे. पूर्वी जोडीला एक सहकारी असायचा, सारखा बडबडणारा. त्याची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली.

त्या आठवड्यात एकाच माणसाची तक्रार सहाव्यांदा आली होती. ‘गोदामाच्या कोपऱ्यावर व्हिडिओ चार सेकंद थांबतो. मी तेव्हा रस्ता ओलांडत असतो.’ आधीच्या पाचही वेळा उत्तर गेलं होतं की आपल्या भागात सेवा सुरळीत आहे. तिने आकडे काढले. खरंच सगळं आलबेल होतं. त्या कोपऱ्यावर एकही कॉल तुटलेला नव्हता.

“एक माणूस आणि चार सेकंद,” साहेब म्हणाले. “कॉल तुटला का? नाही. मग बंद कर तक्रार.”

“एकदा बघून येते,” ती म्हणाली.

दार उघडलं ते साठीच्या एका काकांनी. पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा. डोळ्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. गळ्यातल्या पट्ट्याला फोन होता, कॅमेरा समोर धरून.

“आत या. चपला काढू नका, फरशी गार आहे,” ते म्हणाले. “ही माझी अक्का. हिच्याच डोळ्यांनी मी रस्ता बघतो.”

फोनमधून आवाज आला, “बाळ्या, कोण आहे रे? बाई दिसतेय. दमलेली दिसतेय बिचारी. स्वेटरचं वरचं बटण तुटलंय तिचं.”

रेंजताईचा हात आपोआप गळ्याशी गेला. ते बटण तुटून महिना झाला होता.

अक्का दुसऱ्या शहरात राहायच्या, सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांनी जायबंदी. रोज सकाळी त्या फोनसमोर बसायच्या आणि काका कामावर पोचेपर्यंत त्यांना वाट सांगायच्या. कानात काही घालायला काका तयार नव्हते. “कान मला गाड्यांसाठी लागतात,” ते म्हणत. त्यामुळे भावाबहिणीचं बोलणं अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं. डावीकडे खड्डा आहे, समोर सायकल आहे, काल तू जेवलास का, खोटं बोलू नकोस.

तिघं निघाली. कोपऱ्यावर काकांनी रस्त्यात पाऊल टाकलं आणि अक्कांचा आवाज “थांब, उज...” वर अडकला. काका जागच्या जागी खिळले. एक टेम्पो हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. रेंजताईने त्यांचा दंड धरून मागे ओढलं. मग आवाज परत आला. अक्का रडत होत्या आणि भावाला शिव्या देत होत्या.

काका पदपथावर बसले. घाम पुसत म्हणाले, “हे रोजचं आहे. आता सांगा, होतं काय नेमकं?”

“तुमचा फोन एकाच वेळी दोघांना धरून असतो,” ती म्हणाली. “एक मोठा टॉवर, तो मुख्य. दुसरी ही दिव्याच्या खांबावरची छोटी पेटी. ती वेगवान आहे, व्हिडिओ तिच्यावरून जातो. इथे मुख्य टॉवर बदलतो. नव्या टॉवरच्या यादीत ही पेटी नाहीच. म्हणून तो आधी ती सोडायला लावतो आणि मग नव्याने शोधून जोडतो.”

“म्हणजे नवा साहेब आला की जुन्या कारकुनाला आधी घरी पाठवायचं, आणि मग त्यालाच परत बोलवायचं!”

ती हसली. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना. “अगदी तसंच. त्यात भर म्हणजे दोन्ही टॉवर इथे सारख्याच ताकदीचे, म्हणून फोन तळ्यात-मळ्यात करत राहतो. कॉल तुटत नाही, त्यामुळे आमच्या हिशेबी सगळं यशस्वी.”

तिने पेटी नव्या टॉवरच्या यादीत घालायला लावली. शिवाय दुसरा टॉवर चांगला वरचढ ठरेपर्यंत फोनने थांबावं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भलतंच झालं. फोन जुन्या टॉवरवर इतका थांबला की अख्खा कॉलच तुटला. साहेब म्हणाले, “बघ, नसतं लचांड. आता मात्र आकड्यात दिसलं.” तिने थांबण्याची वेळ निम्मी केली, मग आणखी थोडी कमी. आठ दिवस ती रोज सकाळी काकांबरोबर चालली. तोवर रस्ता ओलांडताना काका तिचा दंड धरायचे. अक्कांनी तिला विचारलं की घरी कोण असतं. कुणीच नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मग रात्री भाजी कुणासाठी करतेस?”

“करत नाही,” ती म्हणाली.

नवव्या दिवशी कोपरा निर्वेध पार झाला. अक्कांचं वाक्य कुठेही न अडकता पूर्ण झालं. ते वाक्य कुणाच्यातरी वाळत घातलेल्या चादरींबद्दल होतं. काकांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “देव तुमचं भलं करो,” ते म्हणाले. तिने त्या दिवशीच तक्रार बंद केली. बंद तक्रारीच्या ग्राहकाला पुन्हा भेटायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. नियम नसता तरी काय कारण काढून जाणार होती?

तीन आठवड्यांनी ती त्या भागातून जात होती. वाट थोडी वाकडी करूनच म्हणा ना. थंडी होती, तिने टोपी डोळ्यांवर ओढली होती. कोपऱ्यावर ती दुकानाच्या काचेकडे तोंड करून उभी राहिली. काका आले. ते खदखदून हसत होते. अक्का शेजारणीच्या मांजराची काहीतरी गंमत सांगत होत्या. ‘काका, मी’ असं म्हणायला तिने तोंड उघडलंही.

“बाळ्या, उजवीकडे कुणीतरी मध्येच उभं आहे,” अक्का म्हणाल्या. “जरा डावीकडून जा.”

काका डावीकडून गेले. “हं, मग त्या मांजराने काय केलं?” त्यांनी विचारलं. रस्ता ओलांडून ते पलीकडच्या गर्दीत मिसळले तरी अक्कांचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला, स्पष्ट, कुठेही न थांबता.

तिने पिशवीतल्या फोनवरची नोंद बघितली. सगळं नीट होतं. नदीपलीकडची पुढची तक्रार एका शाळेची होती. तिथे शनिवारी, शाळा बंद असताना या, असं त्यांनी कळवलं होतं. ती बसथांब्याकडे चालू लागली.