पाठीवरचा चट्टा

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. उन्हाळा ऐन भरात होता आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सुनेची अंघोळ बंद केली. तिच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या होत्या. प्रत्येक पट्टीखाली एकेका वस्तूचा ठिपका. तिचे हात कशाने फुटतात, ते त्यातून कळणार होतं.

ती पार्लरमध्ये केस रंगवायची. बोटांना भेगा पडून रक्त यायचं. सगळ्यांचा संशय रंगावर. "हाताला लागतं ते सगळं घेऊन ये," असं बाईंनी सांगितलं, तेव्हा तिने रंग, शाम्पू, भांड्यांचा साबण पिशवीत भरला. सासूने वरून गुडघ्यांच्या मलमाची बाटली टाकली.

"आई, हे कशाला? हे तर औषध."

"हाताला लागतंच ना? कळू दे बाईंना, म्हातारी तुला किती राबवते ते!"

घरात दोघीच. सासूचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, अपघातात जाऊन सहा वर्षं झाली होती. एरवी दोघींचं बोलणं बेताचंच. दूध उतू चाललंय, दार लावून घे. पण संध्याकाळी सून मलम चोळायला बसली की सासूची जीभ सैल व्हायची. मग तिच्या गोष्टींतून तो यायचा. शाळा बुडवून झाडावर बसलेला, बहिणीच्या बाहुलीचे केस कापणारा. संसार जेमतेम दोन वर्षांचा झाला होता. बाकीचा तो सुनेला या गुडघ्यांपाशीच भेटत होता.

पट्ट्या निघाल्या. मग बाईंनी पुन्हा बोलावून पाठ पाहिली. "रंगाचं काही नाही. काम सोडू नकोस. मलम मात्र बंद. हातसुद्धा लावायचा नाही."

"काय निघालं गं?" घरी आल्या आल्या सासूने विचारलं.

"काही नाही. कातडीच नाजूक आहे म्हणाल्या." सुनेने मलमाची बाटली उचलली.

"थांब. पाठ दाखव."

"आई, कशाला उगीच..."

"माझ्या मुलाला कधी ताप लपवता आला नाही माझ्यापासून. वळ."

बाईंनी प्रत्येक पट्टीशेजारी शाईने वस्तूचं नाव लिहिलं होतं. स्वतःची पाठ सुनेला कुठून दिसणार? सगळ्या पाठीवर एकच चट्टा लालबुंद, फोडांनी भरलेला. शेजारी लिहिलं होतं, 'मलम'.

सासूने तिचा ब्लाउज नीट केला. बाटली काढून घेतली आणि स्वतःच गुडघा चोळायला लागली.

"साधं तेल लावते ना, आई. तेलाने काही होत नाही."

"नको. हात बरे होऊ देत."

"मग त्यांच्या गोष्टी तरी..."

"गोष्टी कसल्या? चोळताना दुखायचं गं. ओरडू नये म्हणून बोलत राहायचे."

महिन्याभरात हात बरे झाले. पण दुखतं हे कळल्यावर पुन्हा विचारायचा सुनेला धीर झाला नाही, आणि सासूने बोलावलं नाही.

डॉक्टरीणबाई पुढे दुसऱ्या गावी गेल्या. पार्लरची मालकीण थकली, तेव्हा सुनेनेच ते चालवायला घेतलं. सासू तीन वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात पाणी, उशी, खिडकी, एवढंच बोलली. सुनेचे हात मात्र इतके मऊ झाले की गिऱ्हाइकं विचारायची, "काय लावता हो हातांना?"

"काही नाही लावत," ती म्हणायची आणि पुढच्या बाईच्या केसांत कंगवा घालायची.