एकेचाळीस फोटो

दुरुस्तीवालीने मोबाइलच्या गरम केलेल्या काचेच्या कडेखाली पातळ पाती सरकवली, तेवढ्यात नर्सबाईंनी काउंटरवर दुसराच फोन आपटला.

"हा आधी उघडा. माझ्या मुलीचा आहे. कोड बदललाय तिनं."

तिने पाती बाजूला ठेवली. नर्सबाई ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या. खिशाला पेन, डोळ्यांखाली काळं. त्यांची मुलगी आणि हिची लेक नववीत एकाच बाकावर बसत.

"कोडशिवाय उघडायचा तर आतलं सगळं पुसलं जाईल, ताई. तेलही जाईल नि तूपही."

"तसंही काय उरतंय त्यात? वाचलं की मेसेज गायब होतात म्हणे. पोरगी धड जेवत नाही, बाथरूममध्ये नळ सोडून रडते. आणि ते अ‍ॅप कुणी घालून दिलं ठाऊक आहे? तुमच्याच लाडकीनं!"

हे मात्र तिला झोंबलं. निम्म्या गल्लीतल्या आईबापांना फोनबद्दल शहाणपण शिकवणारी ती, आणि तिच्याच दिव्याखाली अंधार.

लेक शाळेतून आली ती नेमकी याच वेळी.

"काकूंच्या मुलीला ते मेसेजचं अ‍ॅप तू घालून दिलंस?"

"हो. तिनं मागितलं म्हणून. कशासाठी हवंय ते विचारलं नाही मी. विचारायला हवं होतं."

"काय चाललंय त्यात?" नर्सबाईंचा आवाज चढला.

"ते तिचं आहे, काकू. मी नाही सांगणार."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या माणसापुढे असलं उत्तर! तिने टेबलावरचा स्क्रू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पण खोटं बोलताना लेक हमखास कान खाजवायची, आणि आज तिचे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर घट्ट होते.

"ती आत्ता इथेच येतेय," लेक म्हणाली. "तीन आठवडे समजावलं, तेव्हा कुठे आज तयार झाली. आधी माझ्या आईला सांगणार होती. मग आईला घेऊन तुमच्याकडे."

"आधी हिला?" नर्सबाईंचा चेहरा पडला.

"तुमची भीती वाटते तिला. तुमच्या हातात तो फोन दिसला तर आल्या पावली पळेल."

जवळजवळ तसंच झालं. मैत्रीण दारात आली, आपल्या आईला पाहून थबकली आणि पायरीवर ठेवलेला पाय तिने मागे घेतला. नर्सबाईंची फोनवरची मूठ आणखी आवळली. मग त्यांनी तो काउंटरवरून मुलीच्या बाजूला सरकवला.

"तुझा आहे, बाळा. घे," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

मुलगी आत आली. हुंदके देत तुटक तुटक सांगत गेली. पोहायला शिकवणारा सर. त्यानेच ते अ‍ॅप घ्यायला लावलं होतं, इथे मागे काही उरत नाही म्हणून. आधी कौतुक, मग फोटोंची मागणी, मग धमक्या.

"मी एकही पाठवला नाही, आई."

तिने कोड टाकून फोन पुढे केला. वर सराचं नाव होतं, खाली सगळं कोरं.

"म्हणजे पुरावा काहीच नाही," नर्सबाई पुटपुटल्या.

"आहे," लेक म्हणाली. तिने दप्तरातून दुकानाच्या भंगारातला, कडा उडालेला एक फोन काढला. "स्क्रीनशॉट घेतला तर त्याला कळतं. म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मिळून मेसेज उघडायचो आणि मी याच्यावर फोटो काढायचे. एकेचाळीस आहेत."

आईने फोटो पाहिले. प्रत्येक वेळी फोन सपाट ठेवलेला, खाली काळं कापड, चारही कडा दिसताहेत. आधी पूर्ण, मग जवळून, तारखेसकट. दुकानात आलेला प्रत्येक फोन हाती घेण्याआधी ती असाच टिपायची, उद्या गिऱ्हाइकाने 'हा ओरखडा तुम्हीच पाडला' म्हणू नये म्हणून. लेकीला हे तिने कधीच शिकवलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला.

नर्सबाईंनी मुलीला पोटाशी धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही. मग भंगारातला फोन घेऊन दोघी पोलीस चौकीकडे निघाल्या. जाताना नर्सबाई मागे वळल्या.

"कुणाला कळायला नको हं, ताई."

"नाही कळणार."

त्या वळणाआड गेल्या न गेल्या तोच शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट दारात हजर.

"काय झालं हो? रडारड ऐकू आली."

लेक आईकडे बघू लागली. बघणारच; आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. लेकीला गणितात दोन गुण जास्त पडले तरी ते शिंप्याला, दूधवाल्याला, समोरच्या झेरॉक्सवाल्याला त्याच दिवशी कळायचं. आणि आज तर शब्द ओठांवर येऊन उभे होते. माझी पोर. चौदा वर्षांची आहे हो फक्त.

"काही नाही, दादा. डिस्प्ले गेला होता त्यांचा."

"एवढ्यासाठी रडायचं?"

"महागडा होता," ती म्हणाली, आणि आपल्या शेजारचं स्टूल पुसून तिने लेकीकडे सरकवलं.